म्यांव पक्षाचं एकमत

आमचा पक्ष माझ्या दुकानात भरायचा. दुकान बायकांचे केस कापायचं, लिम्नारीच्या चर्चमागच्या गल्लीतलं. सायप्रसभर गुरुवारी दुपारी केस कापायची दुकानं बंद असतात. त्यामुळे माझ्या खुर्च्या रिकाम्या, आणि रिकाम्या खुर्च्यांवर पक्ष. ज्याला खुर्ची मिळणार नाही त्याने केस धुवायच्या बेसिनला टेकून उभं राहायचं असं ठरलं होतं, पण ती वेळ फारशी कधी आली नाही.

पक्षाचं नाव ‘जीव आणि जमीन’. गाव आम्हाला म्यांव पक्ष म्हणायचं. माझा नवरा पाम्बिस तर घरातसुद्धा म्हणायचा. "जा बाई, म्यांव पक्षाची वेळ झाली," असं म्हणून तो कॉफीचा कप पुढे सरकवायचा, म्हणजे जाण्याआधी तोही मीच विसळायचा. पाम्बिस नगराध्यक्ष रिक्कोसचा कुंबारो. लग्नात नवऱ्याच्या पाठीशी जो उभा राहतो तो कुंबारो, आणि एकदा उभा राहिला की तो जन्माचा सोयरा. आमच्या लग्नात रिक्कोस उभा राहिला तेव्हा तो दारोदार विमा विकत फिरत होता. पण गड्याला लांबचं दिसत होतं. ज्या ज्या लग्नाचं बोलावणं आलं तिथे तिथे तो इस्त्रीचा कोट घालून उभा राहिला, आणि अखेर निवडणुकीला उभा राहिला तेव्हा अर्धं लिम्नारी त्याचं सोयरं झालेलं होतं.

आमचा पुढारी लोइझोस. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. हाडकुळा, खांद्यात वाकलेला, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या बुटांकडे बघून बोलणारा. असा माणूस पुढारी होतो कसा, हे कोडं पाम्बिसला कधी सुटलं नाही. लोइझोस आधी एका मोठ्या पक्षात होता. तिथे सचिव भुवई उचलायचा आणि सगळ्यांचे हात वर जायचे. एकदा लोइझोस नको त्या वेळी ‘नाही’ म्हणाला. मग भुवई उचलली गेली, हात वर गेले आणि मास्तर पक्षाबाहेर पडला. त्या हातांत त्याच्या सख्ख्या चुलतभावाचाही हात होता.

म्हणून आमच्या पक्षात त्याने नियमच करून टाकला: कुठलीही गोष्ट एकमताशिवाय होणार नाही. एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळ्यांचं ‘नाही’. "ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आपण पक्ष काढतोय," तो म्हणाला होता, "आणि बोलता येणाऱ्याचं तोंड आपणच बंद करायचं? ते नाही जमणार." आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला फार मोठं काहीतरी वाटलं ते.

नंतर त्या नियमाने आमच्या नाकी नऊ आले. निशाणी साळिंदर असावी की कासव, यात एक हिवाळा गेला. बैठकीत हलूमी, म्हणजे आमचं बकरीच्या दुधाचं चीज, द्यायचं की नाही, यावर तर जोरदार भांडणं झाली, कारण आमच्यातली नित्सा दूधदुभतंही न खाणारी. ती म्हणायची, चीज म्हणजे बकरीच्या पिल्लाच्या तोंडचं दूध चोरणं. शेवटी एकमत झालं ते पाव आणि ऑलिव्हवर. चार वर्षं आम्ही पाव आणि ऑलिव्ह खाऊन जगाचं भलं करत होतो.

आणि तरीही मास्तर निवडून आला. खोटं कशाला बोला, आमच्या पुण्याईने नाही आला. त्या साली दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून किनाऱ्यावरची जुनी झाडं तोडली आणि गाड्या लावायला जागा केली. गाव चिडलं. शिवाय आमच्या पक्षातल्या म्हाताऱ्या कीरा अर्गिरीने, कीरा म्हणजे अर्गिरीबाईच म्हणा, गावातल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या समस्त बायका मतदानाला बाहेर काढल्या, आणि मी खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बाईला डोक्याला रंग लावून पळता येणार नाही अशा अवस्थेत प्रचार ऐकवला. नगरपालिकेत आमची एक खुर्ची आली. त्या दिवशी नित्सानेसुद्धा हलूमीच्या ताटाकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

मास्तरला ती खुर्ची हवी होती एकाच गोष्टीसाठी. खाजणासाठी.

गाव आणि समुद्र यांच्यामध्ये आमचं खाजण. हिवाळ्यात पाणी, उन्हाळ्यात मिठाची पांढरी पापडी. वसंतात तिथे लांब लाल पायांचे शेकाटे घरटी करतात, टिटव्या करतात, आणि पलीकडच्या डाळिंबांच्या झुडपांत परदेशाहून आलेली बारकी पाखरं दमून उतरतात. त्याच झुडपांत लोइझोसचा बाप हाम्बिस भोकराच्या चिकाने माखलेल्या काड्या लावायचा. पाखरू बसलं की चिकटलं. पाखरं उकडून, अख्खीच्या अख्खी, हाडांसकट खातात आमच्याकडे. कायद्याने बंदी आहे, म्हणून आता दार लावून खातात. लोइझोस वयात आल्यावर एक दिवस बापाच्या साऱ्या काड्या मोडून आला. हाम्बिसने मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलणं केलं नाही. शेवटच्या दुखण्यात पाणीसुद्धा सुनेकडे मागायचा. मास्तरने एवढी किंमत मोजली होती त्या जागेसाठी, आणि आता तिथे हॉटेल येणार होतं.

नगररचना खात्याने गावाला विचारलं होतं: खाजण राखीव ठेवायचं की बांधकामाला मोकळं करायचं? गावाने राखीव ठेवायचा ठराव केला तर राखीव, नाही केला तर मोकळं. हॉटेलचा कंत्राटदार रिक्कोसचा सोयरा, त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा रिक्कोसच्याच हातांत झालेला. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, खाजण गेल्यातच जमा. आणि मग रिक्कोसने स्वतःच ठराव मांडला: खाजण राखीव ठेवावं!

मी पाम्बिसला विचारलं, "तुझ्या कुंबारोला झालंय काय? ताप आलाय का?"

"माणूस बदलतो," पाम्बिस म्हणाला. "तुमच्याच मास्तरचं ऐकून बदलला असेल." आणि तो हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण पाम्बिस असा हसतो तेव्हा त्याच्या हातात हुकमाचं पान असतं.

ठरावाचा कागद हातात आला तेव्हा खाली एक ओळ होती: ‘पक्ष्यांच्या घरट्यांच्या रक्षणासाठी खाजणाच्या हद्दीतली सर्व भटकी मांजरं हलवण्यात यावीत.’

मास्तर कागद घेऊन थेट रिक्कोसच्या कचेरीत गेला. मी बरोबर होते. रिक्कोस उठून उभा राहिला, त्याने माझ्या गालांचं चुंबन घेतलं, कॉफी मागवली. "कमी साखरेची ना, थेक्ला? बघ, मला आठवतं." मास्तर म्हणाला, ही एक ओळ काढा, आमचं मत तुमच्या ठरावाला.

"मास्तर, मी कोण काढणारा?" रिक्कोस छातीवर हात ठेवून म्हणाला. "मला अडाण्याला पाखरांतलं काय कळतं? हे वाक्य तुमचंच आहे की. तुम्ही सरकारला निवेदन दिलं होतं, त्यातलं शब्द न् शब्द उचललंय मी. ‘मांजरं अंडी आणि पिल्लं खातात, ती हलवावीत.’ तुमची सही आहे खाली. आता तुम्हीच म्हणता काढा? लोक काय म्हणतील?"

मास्तर त्याच्या बुटांकडे बघत राहिला.

"आणि तुमच्या पक्षाचं मला एक फार आवडतं हं," रिक्कोस दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. "पहिल्या सभेत तुम्ही सांगितलंत ना, एक जरी नाही म्हणाला तरी तुम्ही पाऊल उचलत नाही. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, ह्याला म्हणतात लोकशाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बाहेर आल्यावर मी मास्तरला म्हटलं, "कळलं का तुला, काय केलंय त्याने?" तो म्हणाला, "कळलं." आणि पुढे, "पण वाक्य खोटं नाहीये, थेक्ला. मांजरं खातातच पिल्लं. मी पाहिलंय."

त्या गुरुवारी दुकानात सगळे आले. कीरा अर्गिरी नेहमीसारखी आरशासमोरच्या पहिल्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, पिशवीत उकडलेले कोंबडीचे पाय. बैठक संपली की ती इथूनच खाजणावर जायची. मोडकी पंपाची कोठी आहे तिथे, तिच्याभोवती तिची मांजरं. तीसेक असतील. तिचं स्वतःचं घर म्हणजे निर्वासितांच्या वसाहतीतली दोन खोल्यांची जागा, वर शेजारणींची कटकट, तिथे मांजर न्यायची सोय नव्हती.

मास्तरने ठराव वाचला.

"हलवण्यात यावीत म्हणजे कुठे?" अर्गिरीने विचारलं.

मास्तर कागदाची घडी घालायला लागला.

"मी विचारते आहे, मास्तर. कुठे हलवणार?"

"लार्नाकाला. नगरपालिकेची गाडी येईल. तिथल्या कोंडवाड्यात नेतील."

"मग?"

"काही दिवस ठेवतात. कुणी न्यायला आलं तर देऊन टाकतात."

"माझ्या आंधळ्या पाशाला कोण न्यायला येणार? लार्नाकाचा बिशप?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी म्हटलं, "कीरा अर्गिरी, गाडी यायच्या आत आपणच वाटून घेऊ. मी चार नेते. नित्सा घेईल दोन."

"माझ्याकडे आधीच सहा आहेत," नित्सा म्हणाली.

"रानातली मांजरं आहेत ती, थेक्ला. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला येत नाहीत. घरात कोंडलीस तर काचेवर डोकी आपटून मरतील. आणि ही मांजरं संत एलेनीने आणली या बेटावर, साप मारायला. तुमच्या पाखरांच्या आधीची आहेत."

"पाखरं संत एलेनीच्या आधीची आहेत," मास्तर हळूच म्हणाला. भूगोलाच्या माणसाला ते सोडवेना.

"अहो, पण हॉटेल झालं तर मांजरं तरी राहणार आहेत का?" मी ओरडले. "डोकं चालवा जरा! खाजण गेलं की सगळंच गेलं. पाखरंही आणि तुमचा पाशाही!"

अर्गिरी माझ्याकडे नाही, आरशाकडे बघत होती. "हॉटेलवाले काय करतील ते त्यांचं पाप," ती म्हणाली. "हे माझ्या हाताने होणार आहे."

मग ती जे बोलली ते आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "चौऱ्याहत्तर साली तुर्की फौज आली तेव्हा आम्हालासुद्धा हलवलं होतं. शब्द तोच होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, दोन दिवसांसाठी हलायचं आहे, चाव्या बरोबर घ्या. मी चाव्या घेतल्या. पीठ झाकून ठेवलं. अंगणात आमचा कुत्रा आरापिस साखळीला बांधलेला. मी म्हटलं, दोनच तर दिवस, सोडला तर पळून जाईल. पाण्याचं भांडं भरून ठेवलं." तिने पिशवीची गाठ आवळली. "सीमा उघडली तेव्हा, इतक्या वर्षांनी, गेले होते बघायला. घरात दुसरी माणसं. चांगली होती, कॉफी दिली. अंगणात साखळी होती. त्यांनी तिला वेल चढवला होता."

"मी नाही म्हणते," अर्गिरी म्हणाली. "तुमचा नियम आहे ना? मग माझं नाही लिहा."

मास्तरने लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच वेळी मला त्या म्हातारीला खुर्चीतून ओढून काढून गल्लीत ढकलून द्यावंसं वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

बैठकीनंतर मी मास्तरच्या मागोमाग खाजणापर्यंत गेले. ऊन उतरलं होतं. शेकाट्यांची पिल्लं चिखलात तुरुतुरु पळत होती, कापसाच्या बोंडाला काड्या टोचाव्यात तशी. टिटव्यांनी आम्हाला बघून आकाश डोक्यावर घेतलं.

"लोइझो, सोमवारी सभेत हात वर कर," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात. कुणी तुला काही बोलणार नाही. नंतर अर्गिरीचे पाय धरू, मी धरीन."

"मला काढलं ना, त्या दिवशी चुलतभाऊ बाहेर येऊन म्हणाला, मोठ्या कामासाठी करावं लागतं रे. मोठ्या कामासाठी." तो चिखलाकडे बघत होता. "त्या दिवसापासून मला तो शब्द सहन होत नाही."

"मग लहान कामासाठी कर! ह्या चार काटक्या पायांच्या पोरांसाठी कर!"

"आणि मग त्या रिक्कोसमध्ये आणि माझ्यात फरक काय?"

"फरक हा की खाजण राहील!"

त्याने बुटाचा चिखल एका दगडावर पुसला. मग म्हणाला, "अर्गिरीला चुकीचं म्हणता येत नाही, थेक्ला. तिथेच अडतंय सगळं." आणि घरी गेला. मला त्याचा राग आला. तो राग आजही गेलेला नाही. वाईट माणसाचा राग आला तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. चांगल्या माणसाचा राग घेऊन कुठे जायचं?

सोमवारी नगरपालिकेची सभा. मागच्या बाकांवर आम्ही बसलो, अर्गिरी माझ्या शेजारी, चर्चला जायचे काळे कपडे घालून. रिक्कोसने भाषण केलं. माझ्या नातवंडांना शेकाटे दिसले पाहिजेत, वगैरे. नातवंडं नव्हती त्याला अजून, पण आवाज मात्र छान कातर केला. मास्तरने दुरुस्ती मांडली, शेवटची ओळ गाळावी. हात मोजले, दुरुस्ती पडली. मग मूळ ठराव. रिक्कोसने स्वतःचा हात सर्वांत आधी वर केला. आणि त्याच्याच पक्षातले त्याचे तीन कुंबारे, ज्यांनी रिक्कोसच्या परवानगीशिवाय कधी शिंकही दिली नव्हती, त्यांनी हात खाली ठेवले. एवढं अचूक बसवलेलं होतं सगळं. मास्तरचा हात वर गेला असता तर मतं सारखी झाली असती, आणि सारखी झाली की नगराध्यक्षाचं मत चालतं. ठराव पास झाला असता. रिक्कोसला ते माहीत होतं, तसं होणार नाही हेही माहीत होतं.

"मास्तर?" रिक्कोस म्हणाला.

लोइझोसने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, तळवे खाली.

"मी पुन्हा विचारतो, मास्तर. खाजण तुमचं आहे. आम्ही सगळे तुमच्याकडे बघतोय."

"माझ्या पक्षाचं एकमत नाही," लोइझोस म्हणाला. "मी तटस्थ."

एका क्षणी त्याचा उजवा हात टेबलापासून सुटला असं मला वाटलं, आणि मी बाकावरून अर्धी उठलेही. पण त्याने डावा हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला.

ठराव एका मताने पडला. रिक्कोसने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "मी हरलो," तो म्हणाला. "पण गावाने लक्षात ठेवावं, खाजणासाठी कुणाचा हात वर होता आणि कुणाचा नव्हता."

बाहेर पायऱ्यांवर अर्गिरीने लोइझोसचा तोच हात धरला आणि त्याचं चुंबन घेतलं. "देव तुला उदंड आयुष्य देवो, पोरा." त्याने हात सोडवून घेतला.

घरी पाम्बिस वाट बघत होता. इतका खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "काय गं," तो म्हणाला, "शेवटी म्यांव पक्षानेच पाखरं खाल्ली म्हणे!" मी त्याच्या अंगावर कॉफीचं भांडं फेकलं. भांडं रिकामं होतं, ह्याचं मला वाईट वाटलं. पण त्याचा विनोद गावभर फिरला. शाळेत पोरं मास्तरच्या फळ्यावर मांजर काढून ठेवायला लागली, तोंडात पाखरू. मास्तर फळा पुसायचा आणि शिकवायला लागायचा. रिक्कोसचा फोटो राजधानीच्या वर्तमानपत्रात आला, खाजणाच्या काठावर उभा, चेहरा दुःखी, वर मथळा ‘एकाकी झुंज’.

उन्हाळ्यात पाणी आटलं तशा ट्रका आल्या. पाडलेल्या घरांचा राडारोडा, विटा, काँक्रीट, सगळं आणून मिठाच्या पापडीवर ओतायला लागले. मास्तर रोज दुपारी कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. ट्रकवाले सुरुवातीला हाक मारायचे, "मास्तर, कॉफी घेणार?" नंतर त्यांना त्याची सवय झाली. गुरुवारी दुकानात मी, तो आणि अर्गिरी एवढेच उरलो. नित्साने पक्ष सोडला. माझ्याकडे केस कापायला यायचंही सोडलं.

सप्टेंबरात एक दिवस सकाळीच अर्गिरीचा फोन आला. तिच्या तोंडून ‘मांजरं, मांजरं’ एवढंच निघत होतं. मी मास्तरला घेऊन गेले.

पंपाच्या कोठीभोवती मांजरं पडली होती. काही कोठीच्या सावलीत, काही उन्हात, पाय ताणलेले, तोंडाला फेस. सॉसेजचे तुकडे अजून शिल्लक होते, निळसर पावडर लागलेले. शेतात फवारायचं औषध. कंत्राटदाराने टाकलं, राखणदाराने टाकलं, की पाखरं धरणाऱ्या कुणी जुना राग काढला, ते कधीच कळलं नाही. पोलिसांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, मांजरंच ना. आंधळा पाशा सर्वांत शेवटी सापडला, एका पाइपच्या आत. त्याला कुणी सॉसेज नेऊन दिलं असणार, नाहीतर त्याला दिसायचं कसं?

मास्तर घरून कुदळ घेऊन आला. पण तिथे माती राहिलीच नव्हती. कुदळ मारावी तिथे वीट, काँक्रीट, कुणाच्या तरी मोरीच्या फरशा. तो हाताने दगड उपसायला लागला. मीही बसले. बोटं फुटली. अर्गिरी एकेक मांजर पदराआड धरावं तसं उराशी धरून आणायची, नाव सांगायची, आणि तो त्या खळग्यात ठेवायचा. देस्पिना. आळशी. बुटाखालची. दुसरी देस्पिना. खाजणावर एक पाखरू नव्हतं. मागे ट्रका ये-जा करत होत्या, त्यांची धूळ आमच्यावर बसत होती.

अर्ध्याहून जास्त झाल्यावर अर्गिरी खळग्याच्या कडेला बसली. पाशा तिच्या मांडीवर होता.

"मास्तर," ती म्हणाली, "मी म्हणत होते... मी हो म्हणते आता. त्या ठरावाला. माझं नाव लावा, परत मांडा. नगरपालिकेला सांगा, आता आमचं एकमत झालंय."

मास्तरने खालून वर बघितलं. त्याचे केस धुळीने पांढरे झाले होते, कपाळावर घाम आणि माती यांचा चिखल. पहिल्यांदा तो कुणाच्या बुटांकडे न बघता सरळ डोळ्यांत बघत होता.

"गप्प बसा," तो म्हणाला.

"नाही, मी खरंच..."

"गप्प बस, अर्गिरी! एक शब्द बोलू नकोस! पुन्हा कधी माझ्यासमोर एक शब्द बोलू नकोस!"

ट्रकवाल्यानेसुद्धा मान काढून बघितलं. अर्गिरीचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं. तिने पाशाच्या अंगावरची धूळ झटकली आणि खाली मान घातली.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, की हे तू सोमवारी का नाही बोललास, रे, सोमवारी का नाही?

त्याने हात पुढे केला. अर्गिरीने न बोलता पाशाला त्याच्या हातात दिलं. उरलेली आम्ही दुपारपर्यंत पुरली.